4 एमबीतली साडेसहा कोटी वर्षं

(दृश्य: पुण्यातली तपकीर गल्ली, दुपारची वर्दळ. वायरींची भेंडोळी, रिमोट, चार्जर.)

मार्च 1995. जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी एक नवा खेळ दुकानात आला. क्रोनो ट्रिगर. कंपनीचं नाव स्क्वेअर. फायनल फँटसी या खेळाचे जनक हिरोनोबु साकागुची, ड्रॅगन क्वेस्ट या खेळाचे कर्ते युजी होरी आणि ड्रॅगन बॉल या चित्रकथेचे चित्रकार अकिरा तोरियामा, अशी तीन बडी माणसं त्यासाठी एकत्र बसली होती. साकागुची स्क्वेअरचे, तर होरींचा ड्रॅगन क्वेस्ट काढायची एनिक्स. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या तोडीस तोड प्रतिस्पर्धी. जपानी पोरांसाठी ही बातमी केवढी मोठी असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुण्यात ही बातमी आली नाही. आली असती तरी उपयोग नव्हता. आपल्याकडे तेव्हा होता 'टीव्ही गेम'. या गल्लीत आणि जुन्या बाजारात मिळायचा तो आठ बिटांचा नकली संच, सोबत दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला, आत मारियो, कॉन्ट्रा आणि तेच तेच पुन्हा वेगळ्या नावाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यावाड्यांतून त्याच्यासाठी नंबर लागायचे. तो काळ फार गोड होता, त्याबद्दल तक्रार नाही.

पण क्रोनो ट्रिगरसारखा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून लांबलचक कथा जगायचा खेळ, त्या संचावर नांदणं शक्यच नव्हतं. अशा खेळाची कथा वीस-पंचवीस तास चालते, म्हणजे आज थांबलो तिथून उद्या सुरू करता आलं पाहिजे. अस्सल कार्ट्रिजमध्ये त्यासाठी गोल बटणाएवढी बॅटरी असे. यंत्र बंद झालं तरी तुमची जागा त्या बॅटरीच्या जिवावर लक्षात राहायची. आपल्या पिवळ्या कॅसेटींत ती नसे. वीज गेली की सगळं मुळापासून. त्यात हे खेळ म्हणजे वाचण्याचं काम, तेही इंग्रजीत. अमेरिकेत क्रोनो ट्रिगरची किंमत होती 80 डॉलरच्या आसपास, तेव्हाच्या दराने अडीच हजार रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत महिन्याचा किराणा भरून वर काही उरायचं.

त्यामुळे माझ्या पिढीच्या पुणेकरांना हा खेळ उशिरा भेटला. काहींना सायबर कॅफेतल्या संगणकावर, एम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून, अर्धामुर्धा. नीट, सलग आणि हातात धरून भेटला तो 2008 नंतर.

(दृश्य: टेबलावर मिटलेला निन्टेन्डो डीएस. हात येतो, उघडतो. दोन पडदे उजळतात.)

नोव्हेंबर 2008 मध्ये क्रोनो ट्रिगर निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या, दोन पडद्यांच्या यंत्रावर आला. तोवर स्क्वेअर आणि एनिक्स एक झाल्या होत्या, 2003 साली. मधल्या काळात, 1999 मध्ये, तो पहिल्या प्लेस्टेशनवर येऊन गेला होता. त्यात अॅनिमेशनच्या चित्रफिती घातल्या होत्या, त्या सुंदर होत्या. पण सीडीवरून खेळ उचलायला वेळ लागे. प्रत्येक लढाईआधी थांबा, मेनू उघडायला थांबा. मूळ खेळाचा सगळा डौल त्याच्या वेगात आहे, आणि तोच त्या आवृत्तीत हरवला.

डीएसवर तो परत आला. या पुनःप्रकाशनाचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, करणाऱ्यांनी खेळाला फारसा हात लावला नाही. त्रिमिती केलं नाही, चित्रं बदलली नाहीत. फक्त लढाईतल्या आज्ञांच्या चौकटी उचलून खालच्या पडद्यावर नेल्या. वरचा पडदा मोकळा झाला, आणि तोरियामांच्या पात्रांच्या लढाया पहिल्यांदाच अडथळ्याशिवाय दिसल्या. फिरताना खाली नकाशा दिसतो. ज्याला जुनीच मांडणी हवी त्याला तीही निवडता येते. चित्रफितीही आहेत, नको असतील तर बंद ठेवा.

दुसरी गोष्ट या घडीच्या यंत्राची. झाकण मिटलं की खेळ आहे तिथे झोपतो, उघडलं की तिथूनच जागा होतो. बॅटरीवाचून आपल्या हातून निसटलेल्या खेळासाठी याहून मोठी सोय कोणती?

(दृश्य: मेट्रो, वनाजहून निघालेली. खिडकीबाहेर पौड रस्ता मागे पडतो.)

आता खेळात शिरू.

इसवी सन 1000. गार्डिया राज्याला हजार वर्षं झाल्याची जत्रा भरली आहे. क्रोनो नावाचा मुलगा उठून जत्रेत जातो, एका मुलीवर आदळतो, तिच्या गळ्यातलं पदक खाली पडतं. ती मुलगी म्हणजे मार्ल. पुढे दोघं जत्रा फिरतात, क्रोनोची मैत्रीण लुक्काने बनवलेलं यंत्र बघायला जातात, पदकामुळे ते यंत्र बिघडतं आणि मार्ल 400 वर्षं मागे, इसवी सन 600 मध्ये फेकली जाते. तिला आणायला क्रोनो मागे जातो. इतकं सांगितलं तरी पुरे.

माझ्या भाचीला मी यंत्र दिलं आणि शेजारी बसलो. बाकी काही सांगितलं नाही. ती जत्रेत मनसोक्त हिंडली. पदक आधी उचललं, मुलीकडे नंतर पाहिलं. एका टेबलावर कुणाचं तरी जेवण होतं, ते खाऊन टाकलं, कारण खाल्लं की ताकद भरते. एका छोट्या मुलीचं मांजर हरवलं होतं, ते मात्र तिने शोधून दिलं. पुढे तास-दीड तास साहस झालं, मार्ल ही खरं तर राजकन्या निघाली आणि सुखरूप परत आली. आणि क्रोनोला अटक झाली. राजकन्येला पळवल्याचा आरोप.

खटला उभा राहिला. दिवाण स्वतः आरोप करायला उभे. सात जणांची ज्युरी. आणि साक्षीदार एकेक करून पुढे आले, जत्रेतलेच.

"मामा, हा तोच म्हातारा!"

"कोणता?"

"ज्याचं जेवण मी... पण त्याने तेव्हा काहीच म्हटलं नाही!"

"तू विचारलं होतंस का?"

ती गप्प झाली. मग मांजरवाली छोटी मुलगी साक्षीला आली आणि हिच्या बाजूने बोलली, तेव्हा भाची खुर्चीवरून जवळजवळ उठलीच. तोवर तिला वाटत होतं की जत्रा म्हणजे नुसती सजावट. खरं तर जत्रेत ती काय करते हे कुणीतरी टिपून ठेवत होतं. पदक आधी की माणूस आधी, याचीही नोंद होती.

(दृश्य: जिल्हा न्यायालय स्थानक. सरकते जिने खाली, खाली.)

निर्दोष ठरलात तरी तुरुंग चुकत नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते तिचं तिला कळलं, आणि ती मनापासून चिडली. एखाद्या खेळातल्या अन्यायावर इतकं चिडणं मला फार चांगलं लक्षण वाटतं.

ही मेट्रो इथून स्वारगेटकडे जाताना मुठेच्या पात्राखालून जाते आणि कसब्याच्या पोटातून पुढे सरकते. वर जुनं गावठाण, खाली बोगदा. क्रोनो ट्रिगर मनात असताना पुण्यात फिरलं की असं दर कोपऱ्यावर होतं. कारण या खेळात जग एकच आहे, बदलतो तो काळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं जंगल, इसवी सनापूर्वी 12,000 मधलं आकाशात तरंगणारं राज्य, 600, 1000, आणि मग 2300 मधलं उजाड जग. डोंगर, सामुद्रधुनी आणि गावं साधारण जिथल्या तिथे. तुम्ही पूल बांधताना पाहिला असेल, तोच पुढे जुना झालेला भेटतो.

(दृश्य: पाताळेश्वर, सकाळ. गोल नंदीमंडप, मागे जंगली महाराज रस्त्याचे हॉर्न.)

खेळातल्या 600 आणि 1000 या दोन सालांच्या बरोबर मधे, आठव्या शतकाच्या सुमारास, राष्ट्रकूट काळात हे पाताळेश्वर कोरलं गेलं. एकाच कातळात. बाहेर सिग्नलला गाड्या थांबल्यात, आत नंदीचा गोल मंडप तसाच. मी चित्रीकरणासाठी मुद्दाम ही जागा निवडली. खेळातल्या देवळात शिरताना जे वाटतं, ते मला फक्त इथे वाटतं.

काळाचा हा खेळ किती बारीक विणलाय, याची एकच जागा दाखवतो. 600 सालात एका गावात एक बाई भेटते. तिला खारवलेलं मांस हवं असतं. तुमच्याकडे असेल तर विकता येतं, किंवा फुकट देता येतं. विकलंत तर विषय संपला. फुकट दिलंत तर ती सांगते, मुलांना असंच दिलदार व्हायला शिकवीन. चारशे वर्षांनी त्याच गावचा कारभारी, तिचा वंशज, आधी हाडाचा कंजूस असतो. आता तो उदार झालेला असतो, आणि त्याच्याकडे अडकलेली, तुम्हाला हवी असलेली वस्तू आपणहून देऊन टाकतो. ती वस्तू म्हणजे एक दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः सूर्याच्या गुहेत तापायला ठेवलेला. एका बाईला फुकट दिलेलं मांस आणि डायनासोरांच्या काळात ठेवलेला दगड, दोन्ही धागे एका गाठीत येतात.

आणि हे सगळं मूळ कार्ट्रिजच्या 32 मेगाबिटांत, म्हणजे 4 एमबीत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्याहून मोठा असतो.

(दृश्य: डीएसचा पडदा जवळून. वाळवंट, एकटा रोबो, नांगरट.)

रोबोबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. रोबो हा 2300 सालातला यंत्रमानव. 600 सालात फिओना नावाच्या बाईची जमीन वाळवंट होत चाललेली असते. ती म्हणते, झाडं लावायला एक आयुष्य पुरणार नाही. रोबो म्हणतो, मी थांबतो. तुम्ही काळातून उडणाऱ्या विमानात बसता, 1000 सालात उतरता, तुमच्यासाठी क्षणभराचा प्रवास. त्याच्यासाठी 400 वर्षांची मेहनत. वाळवंटाच्या जागी दाट जंगल उभं आहे, मधे देऊळ, आणि देवळात बंद पडलेला, गंजलेला रोबो. लुक्का त्याला दुरुस्त करते.

त्या रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात. सगळे झोपल्यावर लुक्का एकटी उठते आणि तिच्यासमोर काळाचं एक दार उघडतं, तिच्या लहानपणीच्या एका दिवसाचं. त्या दिवशी तिच्या आईचे कपडे यंत्रात अडकले होते आणि ती पायांनी कायमची अधू झाली. आता ते यंत्र थांबवता येईल, पण परवलीचा शब्द हवा. तो आहे आईचं नाव: लारा. एल, ए, आर ही तिन्ही बटणं तुमच्या हातातल्या संचावरच आहेत. एल, ए, आर, ए अशी ती चटकन दाबायची. वेळ फार थोडा मिळतो. चुकलात तर आई अधूच राहते, आणि खेळ तसाच पुढे जातो.

डीएसवर हे करताना बोटांखाली तीच बटणं असतात आणि पडदा तळहाताएवढा, डोळ्यांपासून वीतभर. टीव्हीवर हे जमलं तरी अंगावर येत नाही. हातात आलं की येतं.

संगीताबद्दल. यासुनोरी मित्सुदा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, कंपनीत ध्वनीपरिणामांचं काम करणारे. संगीत करू द्या, नाहीतर नोकरी सोडतो, असं त्यांनी साकागुचींना सांगितलं. मिळालेल्या कामात स्वतःला इतकं जुंपून घेतलं की पोटात अल्सर झाले, आणि उरलेल्या चाली नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केल्या. 600 सालच्या नकाशावर वाजणारी धून इअरफोन लावून ऐका. डीएसचा छोटा स्पीकर तिला पुरत नाही.

आता पुनःप्रकाशनात नव्याने घातलेल्या भागांविषयी. दोन मोठी भर आहेत. एकात तेच तेच निरोप घेऊन वर-खाली हेलपाटे घालावे लागतात. मूळ खेळात एकही पाऊल वाया जात नाही, इथे मात्र नुसता वेळ जातो. दुसरी भर खेळ संपल्यावर उघडते, क्रोनो क्रॉस या 1999 च्या पुढच्या खेळाशी सांधा जोडणारा नवा शेवट त्यात आहे. तो मला आवडला नाही. मूळ शेवट मोकळा होता, त्यात आनंद होता. राक्षसांची झुंज लावायचा आखाडाही दिलाय, तो सोडून दिला तरी चालेल.

मोकळा शेवट म्हणताना एक सांगायला हवं. लाव्होस हा या खेळातला संहार. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून पडतो, जमिनीखाली वाढतो आणि 1999 मध्ये वर येऊन जग जाळतो. आपली पोरं 1000 सालातली. 1999 पर्यंत त्यांची हाडंही उरणार नाहीत. 2300 च्या एका पडक्या घुमटात जुन्या चित्रफितीवर ती हा संहार बघतात. मार्ल म्हणते, आपण हे बदलू या. कुणी सांगितलेलं नाही, भविष्यवाणी नाही, राजाज्ञा नाही. जे लोक आपल्याला कधी भेटणार नाहीत त्यांच्यासाठी लढायचं, हे तिघं तिथल्या तिथे ठरवतात. 2008 मध्ये मी ते पाहिलं तेव्हा थक्क झालो होतो. आजही होतो.

लाव्होसला हरवलं की खेळ पुन्हा सुरू करता येतो, कमावलेली ताकद आणि हत्यारं घेऊन. मग त्याच्याशी हवं तेव्हा लढा. कधी लढलात त्यावर शेवट बदलतो, आणि असे शेवट डझनभराहून जास्त आहेत. फारच लवकर जिंकलात तर खेळ घडवणारी माणसंच पात्रं होऊन भेटतात. तोरियामा मार्च 2024 मध्ये गेले.

(दृश्य: भाची, खिडकीशी, डीएस हातात.)

आज हा खेळ मोबाइलवर आहे, संगणकावरही आहे. संगणकावरची आवृत्ती 2018 साली आली तेव्हा तिची चित्रं आणि अक्षरं बेढब होती, पुढच्या अपडेटमध्ये ती बरीच सुधारली. डीएसचा जुना संच आणि कार्ट्रिज मिळालं तर मी तेच सुचवीन. खरी बटणं, दोन पडदे आणि मिटता येणारं झाकण यांची सर मोबाइलच्या काचेला नाही. इंग्रजी वाचता येणारं दहा-अकरा वर्षांचं मूल घरात असेल तर त्याच्या हाती द्या. अडलं तर वाक्याचा अर्थ सांगा. काय करायचं ते मात्र सांगू नका, निदान खटला संपेपर्यंत तरी.