मामा तलावांतील मासा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, मातीच्या पाळीआड जी तळी दिसतात, त्यांतली कितीतरी गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधलेली आहेत. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि ही तळी ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखली जाऊ लागली. पाणी धानाला आणि मासा ढिवराला, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाला, ही रीत मात्र टिकली. आज ढिवरांच्या सहकारी संस्था मासेमारीचा ठेका घेतात.

संस्थेच्या उत्पन्नाचा मुख्य आधार कार्प जातीचे तीन मासे आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच तलावात तिघे एकमेकांच्या आड न येता वाढतात. अडचण एकच, की हे तिन्ही नदीचे मासे आहेत. पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याखेरीज ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणूनच पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे. 1957 साली 10 जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि बीज केंद्रात तयार होऊ लागले. 2022-23मध्ये देशात सुमारे 175 लाख टन मासळी निघाली, त्यातली 131 लाख टन गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातली होती. या उत्पादनात त्या इंजेक्शनचा मोठा वाटा आहे.

पण तलावात हे कार्प मासे आपणहून अंडी घालत नसल्याने दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, विकत आणून सोडावी लागते. पाऊस कमी झाला, धानासाठी पाणी लवकर सुटले, की वजन भरण्याआधीच मासा काढावा लागतो. अशा वर्षी ढिवराच्या घरी जे शिजते, ते मरळ, शिंगी आणि मागूर. हवेतून श्वास घेता येत असल्याने हे मासे आटत्या पाण्यातही तग धरतात. मरळ बोटुकली खातो, म्हणून तो नकोसा ठरवला गेला. तो पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटे करून पिलांची राखण करतो, हे मात्र फार थोड्यांनी ध्यानात घेतले. उत्पादन केवळ कार्पच्या किलोंत मोजणे मला अपुरे वाटते, कारण हा दुसरा मासा बहुधा बाजारात न जाता थेट ताटात जातो.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर स्त्री-पुरुषांनी काही तलावांत माजलेली बेशरम ही परकी वनस्पती मुळासकट उपटली, आणि उन्हाळ्यात तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांची रोपे ज्या पाण्यात रुजत आहेत, तिथे गवत्या कार्प सोडून चालत नाही, कारण हा मासा नेमक्या त्याच वनस्पती खाऊन वाढतो.