आधी कानाला लावून बघा

नमस्कार मंडळी. रेडिओवर घड्याळाबद्दल बोलायचं म्हणजे दाखवता तर काहीच येत नाही, पण जुना मेकॅनिकल क्रोनोग्राफ पारखायची सुरुवात मी कानानेच करतो, त्यामुळे आज जमेल. क्रोनोग्राफ म्हणजे चावीच्या वर-खाली दोन बटणं असलेलं घड्याळ, वरचं दाबलं की मधला लांब सेकंद काटा पळायला लागतो, परत दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की टक्कन शून्यावर.

उदाहरण ओमेगा स्पीडमास्टरचं घेऊ. 1957 ला आलं, 1965 मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी पास केलं, 1969 ला अंतराळवीर ऑल्ड्रिनच्या मनगटावर चंद्रावर उतरलं. पण मला जास्त आवडते ती अपोलो 13 ची गोष्ट. 1970 चा एप्रिल, चंद्राकडे निघालेल्या यानात बिघाड झालेला, वीज वाचवायला यानात जवळपास सगळं बंद, आणि परतीचा मार्ग नीट करायला इंजिन 14 सेकंद चालवायचं होतं, तर अंतराळवीर स्विगर्टने ते 14 सेकंद आपल्या हातातल्या स्पीडमास्टरवर मोजले. बॅटरी नाही काही नाही, चावी दिलेलं घड्याळ! अंगावर काटा येतो माझ्या.

तर कान. सुरुवातीच्या स्पीडमास्टरमध्ये 321 नावाचं मशीन असायचं, मूळ लेमानिया या स्विस कंपनीचं, ते तासाला 18,000 ठोके देतं म्हणजे सेकंदाला 5. 1968 ला 861 आलं, त्याचे 21,600, म्हणजे सेकंदाला 6. दोन्ही शेजारी ठेवून ऐका, 321 जरा संथ लागतं कानाला. आता वरचं बटण दाबा आणि ऐकत राहा, क्रोनोग्राफ ओढायला मशीनला जादा ताकद लागते, त्यामुळे टिकटिक एकदम दबली किंवा घड्याळ थांबलंच तर आत तेल सुकलंय किंवा काहीतरी झिजलंय असं समजायचं आणि सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा करायचा.

मग बोट. 321 मध्ये कॉलम व्हील असतं, किल्ल्याच्या बुरुजासारखं दिसणारं, क्रोनोग्राफ चालू-बंद करणारं इवलंसं चाक, त्यामुळे बटण कसं मऊ आणि ठाम दाबलं जातं. 861 मध्ये तेच काम करायला कॅम, म्हणजे खाचा असलेला चपटा तुकडा आला, बनवायला सोपा आणि दणकट, त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. आणि रीसेट केल्यावर काटे बरोबर शून्यावरच यायला हवेत, केसभर इकडे तिकडे नाही.

डोळ्यांचं काम सगळ्यात शेवटी, कारण फसतात ते डोळेच. अंधारात चमकणाऱ्या रंगाला आपण सगळे रेडियम म्हणतो, पण 60 च्या दशकातल्या बहुतेक स्पीडमास्टरवर ट्रिटियम असतं, आणि ते 12 वर्षांत निम्मं होतं, म्हणजे तेव्हाचं घड्याळ आज रात्रभर लखलखत असेल तर रंग नंतर भरलाय. डायलवरचे ठिपके पिवळे आणि काटे पांढरेशुभ्र असतील तरी विचारा, काटे कधी बदलले म्हणून. आपल्याकडे तर डायल नव्याने रंगवून, चार घड्याळांचे पार्ट जोडून विकलेल्या मालाला जगभर मुंबई स्पेशल म्हणतात, फार वाईट वाटतं ऐकताना, कारण त्याच मुंबईत हाताने सोनं करणारे कारागीर मी बघितलेत. पण जोडकाम काय फक्त इथेच होतं असं नाही हं, 2021 ला जिनेव्हात एक स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर विकलं गेलं आणि 2023 मध्ये कळलं की तेही वेगवेगळे पार्ट जमवून केलेलं.

आणि कृपा करून पॉलिश नको. माझा पहिला क्रोनोग्राफ मी एका दुकानात फक्त सर्व्हिसला दिला होता, न विचारता बफ मारून परत आला, पट्टा जोडतात तिथल्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, एकदा गेलेला धातू परत येत नाही हो. म्हणून आता देतानाच चिठ्ठीवर लिहून घेतो, केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला, हात लावायचा नाही.

काचेचं मात्र वेगळं. जुन्या स्पीडमास्टरची काच म्हणजे हेसालाइट, प्लास्टिकच ते, ओरखडे लगेच पडतात पण पॉलिशची पेस्ट लावून मऊ कापडाने पाच-दहा मिनिटं घासलं की बारीक ओरखडे निघतात, ते घरी करा बिनधास्त, फक्त डायलपर्यंत पाणी जाऊ देऊ नका.