मुंबईच्या हवेत एलचं यीस्ट निवडताना

मंडळी, घरी एल, म्हणजे तुलनेने उबदार तापमानाला आंबवलेली बिअर, करायला यीस्टचा वाण निवडताना बहुतेक जण आधी बिअरचा प्रकार ठरवतात. पेल एल करायची की स्टाउट, हे ठरलं की पाकिटावरचं चवीचं वर्णन वाचतात. मुंबईत हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. आधी थर्मामीटर बघा. फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या भांड्याला) पहिले तीन दिवस कोणतं तापमान सलग देता येईल, त्यावर वाण ठरवा. चवीचा विचार त्यानंतर. (आणि त्याही आधी कायदा. आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही.)

तापमानाला एवढं महत्त्व का? नेहमीचे एल वाण १८ ते २२ अंशांत सुरेख काम करतात. मे महिन्यात आपल्या खोलीतच ३० अंश असतात आणि आंबण्याची क्रिया स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे आतलं वॉर्ट (आंबवायचं गोड माल्टचं पाणी) खोलीपेक्षा आणखी काही अंश तापतं. अशा उष्म्यात यीस्ट घाईने वाढतं. मग जड अल्कोहोल तयार होतात, घशाला जळजळ होते आणि इथाइल अ‍ॅसिटेट वाढून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. बाटलीत महिनाभर ठेवूनही ही जळजळ सहसा जात नाही. परदेशी पुस्तकांत फर्मेंटरला ओला टॉवेल गुंडाळायचा उपाय असतो. तो नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चालेल. मुंबईच्या दमट हवेत जिथे माठातलं पाणीसुद्धा धड गार होत नाही, तिथे त्या टॉवेलवर विसंबू नका.

ज्यांच्याकडे जुना फ्रिज आणि तापमान-नियंत्रक आहे, त्यांना सगळे वाण मोकळे आहेत. अमेरिकन पद्धतीची स्वच्छ चव हवी असेल, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुलं) पुढे यायला हवे असतील, तर यूएस-०५ नावाचा वाण. थोडा फळांचा गंध हवा आणि बिअर लवकर नितळ व्हायला हवी असेल, तर इंग्लिश एस-०४. ते तळाशी घट्ट बसतं. साखर किती खाल्ली जाते तेही बघा. वॉर्टची सुरुवातीची घनता पाण्याच्या तुलनेत १.०५० असेल, तर ७५ टक्के साखर खाणारा वाण १.०१२च्या आसपास थांबतो, ८० टक्केवाला १.०१०पर्यंत जातो. आकडा लहान दिसतो, पण पहिली बिअर जिभेला भरीव लागते आणि दुसरी कोरडी.

फ्रिज नसेल तर मी एकच नाव घेईन: क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेलं हे यीस्ट. शेतकरी ते लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे आणि वॉर्ट अंगाइतकं कोमट असतानाच त्यात सोडायचे. त्यातला व्हॉस भागातला वाण आता कोरड्या पाकिटात मिळतो. २५ ते ४० अंशांत तो चालतो आणि ३५च्या वर तर खुलतो. जे तापमान इतर वाणांची चव बिघडवतं, त्यातच हा संत्र्याच्या सालीसारखा गंध देतो. मुंबईकराच्या हाती एवढं अनुकूल यीस्ट दुसरं नाही, हे मी मनापासून सांगतो. मात्र हलक्या वॉर्टमध्ये त्याला पोषकं कमी पडतात, तेव्हा यीस्ट न्यूट्रियंट घालाच. आणि लवंगेच्या गंधाची जर्मन व्हीट बिअर त्याच्याकडून मागू नका. तो गंध देणारी रासायनिक क्षमता त्याच्यात नाही.

द्रवरूप यीस्ट उन्हाळ्यात कुरिअरने मागवू नका. वाटेतल्या उष्णतेत त्यातल्या पेशी झपाट्याने मरतात. कोरडं पाकीट बरंच सोसतं, तरी तारीख बघून घ्या आणि घरी येताच फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेलं पाकीट हवाबंद करून चार अंशांवर ठेवलं, तर आठवडाभरात वापरून टाका.