क्लीनरची जागा रिकामी आहे

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'महाराष्ट्रातली मालवाहतूक : १९५४ ते आजपर्यंत' असा छापला आहे. तो मी घेणार आहे. पण पुढच्या दोन रांगांत ज्यांनी उभं आयुष्य स्टिअरिंगवर काढलं ती मंडळी बसली आहेत. त्यांच्यासमोर परमिट आणि कायद्यापासून सुरुवात करणं मला बरं वाटत नाही. सुरुवात घाटापासून करू, आणि घाटाच्याही आधी क्लीनरपासून, म्हणजे ट्रकवरच्या चालकाच्या मदतनिसापासून.

निवृत्त चालक एकत्र जमले की जुन्या सोबत्यांची आठवण कशी काढतात, ते कान देऊन ऐका. ऑफिसातली माणसं जुन्या सहकाऱ्याचा स्वभाव सांगतात. चालक कसब सांगतात. अमका टायरवर पाना मारून हवा ओळखायचा, तमक्याने बांधलेली ताडपत्री दिल्लीपर्यंत हलायची नाही, आणि तो तिसरा कसारा घाट उतरायचा पण ब्रेकच्या ड्रमला कधी वास आला नाही. माणूस हातातल्या कामासकट लक्षात राहतो. माझं म्हणणं असं की या गप्पांत एका मोठ्या धंद्याचं सगळं शिक्षण साठलेलं आहे, आणि ते शिक्षण ज्या शाळेत मिळायचं ती शाळा म्हणजे केबिनमधली डाव्या बाजूची, क्लीनरची सीट. आज ती रिकामी आहे, आणि हे नुकसान आपण मोजलेलंच नाही.

आता घाट. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. जुन्या नियमाप्रमाणे सहा चाकी गाडीचं मालासकट वजन १६.२ टन. एवढं वजन ५०० मीटर उतरतं तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती २२ युनिट विजेएवढी, म्हणजे सव्वादोन लिटर डिझेल पेटवल्यावर निघेल तितकी उष्णता. त्यातली थोडी टायर आणि वारा खातात. बाकीची कुठे जाणार? गिअर खालचा असेल तर बराच वाटा इंजिन गिळतं आणि रेडिएटरमधून बाहेर टाकतं. गिअर वरचा असेल किंवा गाडी न्यूट्रल असेल तर सगळी उष्णता चार ड्रममध्ये. ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून धरणाऱ्या ब्रेक-शूपासून लांब जातो, पेडल खोल जायला लागतं. मग शूवरचं लायनिंग नुसतं घासतं, धरत नाही, आणि जळका वास केबिनपर्यंत येतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी एक संकट. त्या तेलाने हवेतला ओलावा ओढलेला असतो, ते पाणी तापून त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पाय तळाला टेकतो आणि गाडी तशीच पळते.

म्हणून वस्ताद मंडळींचा, म्हणजे शिकवणाऱ्या जुन्या चालकांचा नियम होता : ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, आणि शंका आली तर एक खाली. हा नियम घाटाच्या माथ्यावर पाळायचा, मध्यावर नाही. कारण जुन्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे फेरे आपोआप जुळवणारी रचना, नव्हतं. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाब, न्यूट्रलला आण, क्लच सोड, अॅक्सिलरेटर देऊन इंजिनचे फेरे वाढव, पुन्हा क्लच दाब, मग गिअर बसव. फेरे जुळले नाहीत तर दात करकरतात आणि गिअर हुकतो. सपाटीवर गिअर हुकला तर वेळ असतो. उतारावर हुकला तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे, आणि क्षणाक्षणाला वेग वाढतो आहे, म्हणजे जुळवायचे फेरेही वाढताहेत. अशा वेळी लिव्हरशी झटापट करायची नाही. आधी ब्रेक जोरात धरून वेग पाडायचा, मग फेरे देऊन गिअर टाकायचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. ज्याने क्लीनर असताना शेजारी बसून शेकडो वेळा हा आवाज ऐकला आहे, त्यालाच हे जमतं.

फेरे मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर आहे म्हणून इंजिन सांभाळलं जाईल, हा एक गैरसमज. गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो. उतारावर चाकं इंजिनला फिरवत असतात, तिथे त्याचं काही चालत नाही. फेरे मर्यादेबाहेर गेले की व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत, पिस्टन त्यांना धडकतो, पुशरॉड वाकतात.

आणि न्यूट्रल! डिझेल वाचवायला किती जण मारायचे? ...पुढच्या रांगेत हसताहेत, म्हणजे उत्तर मिळालं. भरलेली गाडी लिटरला चार-साडेचार किलोमीटर द्यायची, मालकाने डिझेल मोजून दिलेलं, वाचलं ते आपलं. मोह कळतो. पण कोणी त्याच्या पुढे जाऊन इंजिनही बंद करायचे. जुन्या गाडीचा ब्रेक हायड्रॉलिक, त्याला जोर व्हॅक्युम बूस्टरचा. डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्युम स्वतः करत नाही, त्यासाठी इंजिनवर वेगळा पंप. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. टाकीत उरलेल्या व्हॅक्युमवर एक-दोन वेळा ब्रेक लागतो, मग पेडल दगड. हवेच्या ब्रेकवाल्या गाडीत सारखं दाब-सोड केलं तर कॉम्प्रेसर भरतो त्यापेक्षा लवकर हवा संपते, आणि हे हवेच्या दाबाच्या घड्याळाचा काटा पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून दाबायचं तेव्हा ठामपणे दाबायचं, वेग पाडायचा, सोडून द्यायचं. हलका पाय ठेवून सारं उतरण घासत जाणं सगळ्यात वाईट.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीकडे घाटनदेवी आहे. जुन्या बोरघाटात शिंग्रोबा आहे, रेल्वेच्या मार्गासाठी वाट दाखवणाऱ्या धनगराचं ठाणं म्हणून ज्याच्यापुढे चालक नाणं टाकतात. घाटनदेवीला गाडी थांबायची ती नेमकी उतार सुरू होण्याआधी. चालक हात जोडायचा, तोवर क्लीनर गाडीभोवती चक्कर मारायचा. टायर वाजवायचा, ड्रमला हात लावून कोणता जास्त गरम आहे ते बघायचा, दोर चाचपायचा. चारांतला एकच ड्रम तापला असेल तर त्या चाकाचा शू अडकला आहे. उलट एकच थंड असेल तर ते चाक ब्रेकच घेत नाही, म्हणजे गाडी एका बाजूला ओढणार. श्रद्धेचा थांबा आणि तपासणीचा थांबा एकाच जागी आला, याहून चांगली व्यवस्था कुठल्या खात्याला करता आली असती? आज हमरस्त्यावर माथ्याला सूचनाफलक आहेत, पण गाडी थांबत नाही, आणि थांबली तरी चक्कर मारायला दुसरा माणूस नाही.

क्लीनरच्या कामाकडे लोक 'गाडी पुसणारा पोऱ्या' म्हणून बघतात. चढावर गाडी थांबली तर मागच्या चाकाला लाकडाची उटी लावायची कोणी? त्यानेच. आणि ती लावायचीही रीत आहे : चाकाच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूने सरकवायची, हात चाकाखाली न्यायचा नाही, आणि गाडी पुढे ओढ घेऊन सुटेपर्यंत काढायची नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, डावी बाजू त्याला अर्धीच दिसते. वळणावर दरी किंवा कठडा डावीकडे असेल तेव्हा पत्र्यावर पडणारी क्लीनरची थाप हाच चालकाचा दुसरा डोळा.

टायरचं घ्या. मागे जोडटायर. आतल्याची हवा उतरली तरी वरून कळत नाही, कारण बाहेरचा सगळा भार उचलतो. तो दुप्पट भाराने तापतो आणि फुटतो, मग आतलाही जातो. पान्याचा ठोका मारला की भरलेला टायर टणक वाजतो, उतरलेला बद्द. दोन टायरांत अडकलेला दगड ठोकून काढायचा, नाहीतर तो दोन्हींच्या बगला कापतो. नऊशे-वीस मापाचा टायर, आत ट्यूब, फ्लॅप, आणि रिमवर टायर अडवून धरणारी लॉक रिंग. हवा भरताना ती रिंग नीट बसली नसेल तर उडते आणि माणूस मारते. म्हणून रिंगची बाजू जमिनीकडे करायची किंवा साखळीने बांधायची, थोडी हवा भरून रिंग बसली का बघायची, मगच पुरी हवा. काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असायचे. नवा पोरगा जोर लावून लावून नट आणखी आवळायचा. हे एकदा वस्तादाने दाखवलं की जन्मभर विसरत नाही.

टाकी कोरडी पडून डिझेल लाइनने एअर घेतली की नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाचा हात मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, मग नोजलच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा आणि डिझेल आलं की एकेक नट आवळायचा. टाकीकडून इंजिनकडे, हा क्रम उलटला की अर्धा तास वाया.

लासलगावचा कांदा भरताना ताडपत्री चारही बाजूंनी गच्च आवळायची नसते. कांदा गरम होतो, घाम सुटतो, खालच्या थराला पाणी सुटून गाडी पोचेपर्यंत सडतो. दोन्ही बाजूंनी वारा फिरायला जागा ठेवायची आणि पाऊस आला तर उतरून ओढून घ्यायची. साखरेच्या पोत्यांवर उलट : एक थेंब आत जाता कामा नये, म्हणून दोन ताडपत्र्या, पुढची मागचीवर चढवलेली, म्हणजे वाऱ्याने सांध्यातून पाणी घुसत नाही. मालानुसार बदलणारं हे ज्ञान माल पाठवणाऱ्या हुंडेकऱ्याच्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहिलेलं नसायचं. ते हमालांकडे होतं, क्लीनरकडे होतं. हमालांना निदान १९६९ च्या माथाडी कायद्याने ओळख दिली. क्लीनरला काय मिळालं?

त्याचा हक्काचा पगार कधी नीट ठरला नाही. भत्ता चालकाच्या हातून, झोप केबिनच्या टपावर, आणि बढती म्हणजे वस्तादाची मर्जी. रात्रीच्या रिकाम्या परतीला वस्ताद म्हणायचा, 'बस इकडे,' तोच त्याचा वर्ग. या व्यवस्थेत अन्याय होता, पोरवयातली मुलं राबवली गेली, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण अन्याय काढायचा तर शिकवणी ठेवून काढता आला असता. आपण शिकवणीच काढली. ट्यूबलेस रेडियल टायर आले, मोबाइल आला, भाड्यात दुसऱ्या माणसाचा खर्च परवडेना, आणि मालकांनी डावी सीट रिकामी केली.

...आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. छापलेला विषय त्यात बसवतो.

१९५४ मध्ये टाटांची टेल्को आणि मर्सिडीजवाली डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला, जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार १९६९ ला संपला आणि जाळीवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटांचा 'टी' आला. चालकांच्या तोंडी मर्सिडीज बराच काळ राहिली. सोबत लेलँडची कॉमेट, हिंदुस्थानची बेडफोर्ड, कुर्ल्याच्या प्रीमियरची डॉज आणि फार्गो. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. पाळले किती, ते समोर बसलेल्यांना विचारा. राज्याराज्यांतल्या परमिटांच्या जंजाळात राष्ट्रीय परवान्याने वाट काढली. जकात नाक्यावरच्या रांगा गाडीचा दिवस खायच्या. राज्यातल्या बहुतेक शहरांतून जकात आधी गेली, मुंबईतून ती १ जुलै २०१७ ला जीएसटीसोबत गेली. २०१८ मध्ये मालासोबतचं ऑनलाइन ई-वे बिल आलं, आणि त्याच वर्षी दोन आसांच्या गाडीची मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर गेली. मघाचा हिशेब करून बघा, त्याच घाटात उष्णता एक सप्तमांशाने वाढली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. रस्ता रुंद झाला, पण सह्याद्रीची उंची तेवढीच आहे, आणि ब्रेक तापलेल्या गाड्या आजही तिथे पुढच्या वाहनांवर जातात. २०१९ मध्ये ट्रकच्या परवान्यासाठीची आठवी पासची अट गेली. ती योग्यच गेली, अनेक कसलेले हात त्या अटीने बाहेर राहिले होते. २०२५ पासून नव्या जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हेही फार आधी व्हायला हवं होतं.

आता माझी मागणी. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष हातात असला की जड वाहनाची वाट मोकळी होते, आणि त्या शिकवणीत भरलेली गाडी घाटातून उतरवणं बहुधा येत नाही. १९६१ चाच अप्रेंटिस कायदा आपल्याकडे आहे. डावी सीट त्याखाली आणा : १८ वर्षं पूर्ण झालेला शिकाऊ, ठरलेलं विद्यावेतन, झोपायला बर्थ, विमा, आणि प्रत्येक खेपेची नोंदवही. त्यात घाटाचं नाव, वजन, गिअर, ड्रमची स्थिती लिहायची आणि वस्तादाने सही करायची. मालकांचा खर्च वाढेल. एका उलटलेल्या गाडीच्या खर्चापुढे तो किती, हे मालकांनीच मांडून बघावं.

आणि इथल्या तरुणांना एक काम. घरात, गल्लीत निवृत्त चालक असतील तर त्यांच्याकडे वही घेऊन बसा. 'काका, तुमच्या आठवणी सांगा' असं मोघम विचारू नका. गाडी कोणती होती ते विचारा, ब्रेक व्हॅक्युमचा की हवेचा, वरंधा घाट कोणत्या गिअरात उतरायचात आणि कुंभार्ली कोणत्या, स्प्रिंगचा मेन पाटा तुटला तर आसाखाली काय बांधून गाडी गावापर्यंत आणलीत, कापसाच्या गाठी किती थर लावायचात, आणि हे कोणत्या वस्तादाकडून शिकलात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावासकट लिहून घ्या. आज समोर बसलेल्यांपासून सुरुवात करता येईल. चहा बाहेर मांडला आहे आणि काका मंडळी तासभर थांबायला तयार आहेत.