लाल खडकांच्या देशात वाटाड्या कशाला?

(पुण्यातल्या एका गिरिभ्रमण मंडळाच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान. छापताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? मागच्या रांगेतून हात वर झालेत, पण ते हात खुर्ची नाही म्हणूनही वर झालेले असू शकतात. असो, सुरू करते.

पत्रिकेवर छापलंय, ‘अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्यांतून पायी’. फोटो दाखवणार का, असं दारातच दोघांनी विचारलं. नाही दाखवणार. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, निम्म्यांच्या लॅपटॉपवर अँटिलोप कॅन्यनचा वॉलपेपरच असतो. मला आज एवढंच पटवायचंय की त्या मुलखात पायी फिरायचं तर माहितगार वाटाड्या घेऊन फिरा, रीतसर पैसे मोजून. एवढ्याशा गोष्टीला पाऊण तास कशाला, असं वाटेल. पण समोर कोण बसलंय ते बघा. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेले बसलेत, अलंग-मदन-कुलंग केलेले बसलेत, आणि ‘वाटाड्या लागतो तो ट्रेकर कसला’ असं मला चहाच्या टेबलावर ऐकवणारे गृहस्थ तर पहिल्याच रांगेत आहेत. (हशा)

आधी माझी घरचीच तक्रार ऐका, मग अमेरिकेला जाऊ. आपण पायथ्याच्या वाडीत उतरतो. अंगणात बसलेल्या मामांना विचारतो, “मामा, वाट कुठनं?” मामा हात करून सांगतात, “ही धार धरून जावा, आंब्यापासनं उजवीकडं. पोरगं देऊ का संगं?” आपण म्हणतो, नको मामा, जीपीएक्स आहे, म्हणजे मोबाइलवर वाटेची नोंद केलेली फाइल. जीपीएक्स कोणी बनवलेला असतो? मागच्या वर्षी चुकलेल्या ग्रुपने. तो चुकला तिथे आपणही इमानदारीने चुकतो. अंधार पडल्यावर तेच पोरगं बॅटरी घेऊन हाका मारत येतं आणि कारवीतून आपल्याला बाहेर काढतं. खाली आल्यावर आपण त्याच्याशी घासाघीस करतो. सहाशे म्हणाला तर चारशे घे. वर सल्ला, “शिक हां चांगला.” हीच मंडळी पुढे युटामध्ये गणवेशातल्या गाइडला न मागता डॉलरमध्ये टिप देतात आणि ‘काय नॉलेज होतं हो त्याला’ म्हणत परत येतात. नॉलेज त्या पोरालाही असतं. कुठल्या टाक्याचं पाणी मार्चनंतर पिऊ नये, कुठल्या कड्यावर आग्या मोहोळ आहे, हे त्याला विचारायचं आपल्याला सुचत नाही, एवढंच.

बरं, आता अमेरिका. कोलोराडो पठार म्हणजे युटा, अ‍ॅरिझोना, कोलोराडो आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे भेटतात त्याच्या आसपासचा प्रचंड उंच सपाट प्रदेश. झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स ही युटातली पाच राष्ट्रीय उद्यानं आणि अ‍ॅरिझोनातली ग्रँड कॅन्यन. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी यातलं काही ना काही बसने केलंय. बस थांबते, कठड्याशी पंचवीस मिनिटं, ‘वॉशरूम तिकडे’, फोटो, परत बस. त्याला माझी ना नाही, माझ्या सासूबाईंनी तसंच केलं आणि त्या खूश आहेत. पण कठड्यावरून दरी दिसते ती सपाट, चित्रासारखी. ती खरी किती खोल आहे हे गुडघ्यांना कळल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही.

कठड्यावरून एक गंमत मात्र दिसते. समोर दरीतून सुटे डोंगर वर आलेत, त्यांची नावं वाचा. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिव टेंपल, देव टेंपल, कृष्ण श्राइन, राम श्राइन. आपल्या लोकांना वाटतं कोणी भक्त तिथे पोचला असणार. तसं नाही. क्लॅरेन्स डटन नावाचा लष्करातला कॅप्टन आणि भूवैज्ञानिक होता. या भागावरचा त्याचा मोठा ग्रंथ 1882 साली निघाला. त्याला हे डोंगर पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, त्याने विष्णू आणि शिव ही नावं दिली आणि पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला. तळाच्या अतिशय जुन्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे. वय साधारण 175 कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा. तर त्या विष्णूपुढे आपला हरिश्चंद्रगड अजून रांगतोय.

या शिव टेंपलची गोष्ट सांगितल्याशिवाय मी खाली बसत नाही. आयोजक घड्याळ बघताहेत, बघू द्या.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेला, ब्राइट एंजल वाटेच्या तोंडाशी, एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या दोन भावांचा फोटो स्टुडिओ होता. साल 1904 च्या सुमाराचं. धंदा असा की सकाळी पर्यटक खेचरांवर बसून दरीत उतरायला लागले की त्यांचा फोटो काढायचा, आणि ते परत वर येईपर्यंत छापून तयार ठेवायचा. सोपं वाटतं ना? पण फोटो धुवायला स्वच्छ पाणी लागतं आणि कड्यावर पाणी नाही. पाणी होतं दरीत, साडेचार मैल खाली, तीन हजार फूट खोल. तेव्हा त्या जागेला इंडियन गार्डन म्हणत. ती मुळात हवासुपाई या तिथल्या मूळ रहिवाशांची जागा, त्यांना तिथून हुसकावलं होतं, आणि 2022 मध्ये तिचं नाव हवासुपाई गार्डन्स केलं. तर एमरी काय करायचा? फोटो काढायचा, प्लेटा घेऊन खेचरांच्या पुढे खाली पळायचा, तिथल्या अंधाऱ्या खोलीत धुवायचा, आणि ते ओले फोटो घेऊन खेचरांच्या आधी पळत वर यायचा. बारीतून कळसूबाई चढण्याइतकी उंची, आणि चढ शेवटी! हे एकदा नाही, धंदाच तो. हा माणूस तिथे सत्तर वर्षांहून जास्त राहिला. 1976 मध्ये वारला तोपर्यंत स्वतःच्या नदीप्रवासाची फिल्म स्टुडिओत लोकांना दाखवत होता.

आता 1937. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या मोठ्या संग्रहालयातले हॅरल्ड अँथनी नावाचे शास्त्रज्ञ मोहीम आखतात. कल्पना अशी की शिव टेंपलचा माथा आजूबाजूच्या कड्यापासून फार पूर्वी तुटलाय, तर माथ्यावर अडकलेले प्राणी वेगळे उत्क्रांत झाले असतील. कल्पना काही वेडगळ नव्हती. दरीच्या उत्तर आणि दक्षिण कडांवरच्या खारी खरोखरच एकमेकींपेक्षा वेगळ्या दिसतात. पण वर्तमानपत्रांनी ‘हरवलेलं जग’ म्हणत थेट डायनोसॉरपर्यंत मजल मारली. जय्यत तयारी झाली. आणि ज्याने त्या दरीची इंच न् इंच जमीन पायांनी मोजली होती, त्या एमरी कोल्बला मोहिमेत कोणी घेतलं नाही. (मागून: “आपल्यासारखंच!”) आपल्यासारखंच. कोल्ब चिडला. मोहिमेच्या थोडं आधी तो गुपचूप शिव टेंपलवर चढला आणि माथ्यावर कोडॅक फिल्मचं रिकामं खोकं ठेवून आला. पुढे शास्त्रज्ञांची मोहीम मोठ्या थाटात माथ्यावर पोचते, हजारो वर्षं अस्पर्श राहिलेल्या भूमीवर पाऊल ठेवते, आणि समोर काय? कोडॅक. (हशा) प्राणी मिळाले ते समोरच्या कड्यावरचेच, नेहमीचे.

मी ही गोष्ट प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि दर वेळी ती जरा लांबते. चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता पळत सांगावं लागणार.

मुद्दा पाण्याचा आहे. हा मुलूख कोरडा दिसतो, पण त्याचा आकार पाण्याने कोरलेला आहे, आणि तिथे माणूस मरतो तो एक तर पाणी नसल्याने किंवा एकदम आल्याने. वाटाड्या पाणी वाचतो, त्यासाठी तो हवा.

अरुंद घळी, ज्यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात, त्या पुरांनी कोरल्यात. वाळू घेऊन धावणारं पाणी खडक घासत जातं. आपली सांदण दरी डोळ्यांसमोर आणा, फक्त भिंती लाल आणि वळणदार करा. सांदणला पावसाळ्यात जायचं नाही हे आपल्याला पाठ आहे, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडत असतो. तिथे पाऊस डोक्यावर असेलच असं नाही. 12 ऑगस्ट 1997 ला अ‍ॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा जण पुरात गेले. पाऊस झाला होता कित्येक मैल वरच्या अंगाला. 2015 च्या सप्टेंबरमध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. तिथे जुलै ते सप्टेंबर वादळी पाऊस येतो, त्याला ते लोकही मॉन्सूनच म्हणतात. आपण ऐकून हसतो, एवढ्याशा पावसाला मॉन्सून? पण उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, जेवढं पडतं तेवढं सगळं घळीत येतं. अँटिलोप नावाहो या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आहे आणि आज नावाहो वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. झायनच्या नॅरोजमध्ये, म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं तिथे, प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांवर गेला की वाट बंद. आमची वाटाडी बाई सकाळी चहाच्या आधी प्रवाहाचा आकडा आणि पुराचा अंदाज बघायची, मग बूट घालायचे की नाही ते सांगायची. तुमचा जीपीएक्स हे सांगत नाही. शिवाय हजार फुटी भिंतींच्या मध्ये जीपीएसला आकाशच दिसत नाही.

दुसरं, अंगातलं पाणी. सह्याद्रीत सकाळी दमदार असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. ग्रँड कॅन्यनमध्ये उलटं. सकाळच्या गारव्यात छान उतरत जाता, ‘अरे, सोपं आहे की’ म्हणता, आणि दुपारी चाळिशीच्या पुढच्या तापमानात चढ समोर. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, आणि उन्हाळ्यात दहा ते चार उन्हात चढायचंच नाही. आपले लोक पाणी भरपूर पितात, पण नुसतंच पाणी पितात. घामातून मीठ गेलेलं असतं, वरून नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, भ्रम, आणि ते लक्षात न आलं तर जिवावर. म्हणून दर थांब्याला खारट खायचं. आमच्या वाटाडी बाईने माझा चिवडा चाखला आणि सगळ्या गटाला वाटून टाकला, मला उरला नाही. चांगल्या गाइडने रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. नोंदणी करताना हे विचारा, लाजू नका. उद्यानात गट न्यायचा परवाना आहे का, हेही विचारा.

वाटेच्या बाजूला काळी, खरबरीत, फुगीर माती दिसेल. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव वाळू बांधून ठेवतात, धूप थांबवतात, पाणी धरतात. एक पाऊल पडलं की ती सावरायला वर्षानुवर्षं जातात. आपली शॉर्टकट मारायची खोड तिथे चालणार नाही. आणि जेवणाआधी सांगते म्हणून माफ करा, नॅरोजमध्ये पोट साफ झालं तर ते पिशवीत बांधून परत आणायचं. नाकं मुरडू नका. राजगडाच्या पद्मावती माचीवर सोमवारी सकाळी जाऊन बघा, मग बोलू. (हशा, एक-दोन जण गंभीर)

चालायचा क्रम ग्रँड कॅन्यन, मग झायन, मग ब्राइस असा ठेवा. यामागे फक्त रस्त्याची सोय नाही. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर तुम्ही ज्या 27 कोटी वर्षांच्या चुनखडकावर उभे असता, तो झायनमध्ये सगळ्यात तळाला जातो. झायनच्या भिंती म्हणजे त्याच्या वरच्या, डायनोसॉरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड झालेल्या, तिरके पट्टे दिसतात ते वाऱ्याने रचलेले. आणि झायनच्या माथ्यावरचे थर ब्राइसच्या पायथ्याला. ब्राइसचे ते लालगुलाबी सुळके तर आपल्या सह्याद्रीहूनही नंतरच्या खडकातले. पाणी फटीत शिरतं, रात्री गोठतं, दिवसा वितळतं, वर्षातल्या दोनशेच्या आसपास रात्री हेच चालतं, आणि सुळके सुटत जातात. हा थरांचा जिना पायी चढताना सांगणारा माणूस सोबत असला तर कळतो, नाही तर नुसते तीन लाल डोंगर.

मोसम एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. एप्रिलमध्ये वितळत्या बर्फाने नॅरोज बहुधा बंद असते, म्हणून मला ऑक्टोबर बरा वाटतो. झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या साखळीच्या वाटेला 2022 पासून सोडतीने परवाना मिळतो, त्याचा अर्ज वेळेवर करा, मिळाला नाही तर रुसू नका, त्याच वाटेवरच्या स्काउट लुकआउटपर्यंत परवान्याशिवाय जाता येतं. ओल्या वालुकाश्मावर हात-पाय रोवायला जाऊ नका. आपला कातळ भिजला की निसरडा होतो, तिथला भिजला की तुटतो.

गुडघ्यांचा प्रश्न येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. दोन काठ्या घ्या, आणि सरावासाठी सिंहगड चढू नका, उतरा. वर गाडीने जा.