कावीळ: रिपोर्टात नजर कुठे ठेवायची?

श्रोतेहो, नमस्कार. दूषित पाण्यातून येणारी कावीळ लगेच उमटत नाही. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण महिना जातो, कधी थोडा जास्तही. म्हणून जुलैच्या गढूळ पाण्याची कावीळ ऑगस्टमध्ये दिसते आणि तोवर ‘आम्ही तर उकळूनच पितो’ म्हणायला घरचे मोकळे असतात.

मग लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे नावाप्रमाणे यकृताच्या कामाची तपासणी होते. रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांचं बोट एकाच ओळीवर: एसजीपीटी. नॉर्मल चाळीसच्या आसपास आणि इथे दीड हजार! घर हादरतं. पण एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आतलं द्रव्य आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. म्हणजे टेस्टचं नाव काहीही असो, हा आकडा नासधूस सांगतो. यकृत काम किती करतंय, ते सांगत नाही. पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए या विषाणूच्या काविळीत हजार-दोन हजार एसजीपीटी झालेली माणसं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. उलट सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन कडक झालेल्या माणसाचं एसजीपीटी जवळपास नॉर्मल असू शकतं.

मग काम कशावरून कळतं? यकृत प्रथिनं बनवतं. त्यातलं अल्ब्युमिन रक्तात बरंच टिकतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला वीसेक दिवस लागतात. म्हणून परवा सुरू झालेला बिघाड त्यात दिसत नाही. पण रक्त गोठवणारी काही प्रथिनं काही तासांतच संपत येतात. यकृत थकलं की ती आधी कमी पडतात. हे मोजणारी तपासणी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, रिपोर्टात ‘आयएनआर’ म्हणून येते. निरोगी माणसात आयएनआर एकच्या आसपास असतो, ही प्रथिनं कमी पडली की तो चढतो. नेहमीच्या लिव्हर पॅकेजमध्ये बहुतेक वेळा ही तपासणी नसते, वेगळी सांगावी लागते. तिचं रक्त फिक्या निळ्या टोपणाच्या नळीत, खुणेपर्यंत भरून घेतात. कमी भरलं तर आकडा चुकतो.

आता सर्वांत फसवा प्रसंग ऐका. एसजीपीटी दोन हजारांवरून तीनशेवर आलं, घरात हायसं वाटलं. पण त्याच वेळी बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, आणि आयएनआर चढत असतील, तर फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

कारण शोधायच्या तपासण्या वेगळ्या. पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई साठी आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात बनणारी अँटिबॉडी. रक्तातून पसरणाऱ्या बी साठी एचबीएसएजी आणि सी साठी अँटी-एचसीव्ही. २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. गरोदर बाईला कावीळ दिसली, तर घरी एक दिवसही थांबू नका. हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो.

आणि हो, कावीळ उतरवणं! चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली. हातांना आधी झाडपाल्याचा रस चोळलेला असतो, त्यामुळे ठणठणीत माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. ए ची कावीळ बहुधा आपोआप बरी होते. श्रेय कावीळ उतरवायला गळ्यात माळ घालणाऱ्याला जातं. मला राग त्या माळेचा नाही, तिच्यापायी गेलेल्या आठवड्याचा येतो.

पोटात गेलेलं सगळं डॉक्टरांना सांगा: पॅरासिटामॉल, दारू, काढे, गुळवेलसुद्धा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद चालू द्या, कावीळ असताना मात्र गुळवेलीची बाटली बाजूला ठेवा.

रुग्ण दिवसा झोपतो, रात्री टक्क जागा राहतो, असंबद्ध बोलतो किंवा हिरड्यांतून रक्त येतं, तर सकाळी लॅब उघडायची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे पोचल्यावर आयएनआर केलाय का, हे विचारा.