बोटीवरची खोली कोण ठरवतं?

(दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मुंबईहून गोवा-लक्षद्वीपची क्रूझ करून आलेले निवृत्त गुरुजी आता आपल्याकडेही भेटतात. जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, वरची खोली फुकटात कशी भेटते?" अकरा वर्षं मी बोटीच्या रिसेप्शनवर काढली, म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

केबिनच्या पायऱ्या असतात. बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सगळ्यात वर 'सूट', म्हणजे ऐसपैस मोठी खोली. बुकिंग करताना एक तर नकाशा पाहून नंबर निवडा, नाहीतर 'गॅरंटी' घ्या. गॅरंटीत पैसे सहसा कमी लागतात, पण नंबर कंपनी देणार, कधी कधी अगदी निघायच्या तोंडावर. घेतलेल्या पायरीच्या खाली तुम्हाला टाकणार नाहीत, एवढीच ती गॅरंटी. वर चढवतीलच असं कोणी कबूल केलेलं नसतं, आणि माणसं नेमकी तीच आशा धरून बसतात.

वर चढवतात, म्हणजे 'अपग्रेड' करतात, ते हिशोबानं. स्वस्त केबिनला मागणी असते आणि बाल्कनीच्या उरलेल्या असतात. मग खिडकीवाल्याला बाल्कनी, आतल्याला खिडकी असं सरकवत नेतात आणि खाली मोकळी झालेली स्वस्त केबिन पुन्हा विकतात. कंपनीच्या जुन्या प्रवाशाला झुकतं माप मिळतं, हेही खरं.

काही कंपन्या आता वरच्या केबिनसाठी बोली लावायला सांगतात. बाजार समितीतल्या हर्रासात शेजारचा काय बोलला ते ऐकू येतं, इथं ते कळत नाही. बोली माणशी असते, म्हणजे जोडप्याला दुप्पट. मंजूर झाली की पैसे कार्डातून गेले, मग मागे फिरता येत नाही.

"केबिनमध्ये तिसरा पलंग आहे, मग नातवाला का घेत नाही?" असं विचारून लोक चिडायचे. प्रत्येक केबिन संकटाच्या वेळी जमायच्या एका जागेशी जोडलेली असते आणि तिथल्या जीवरक्षक नावांत ठरावीकच माणसं बसतात. 1912 साली टायटॅनिक बुडाली, नावा अपुऱ्या पडल्या. त्यातूनच 1914 चा सागरी सुरक्षा करार झाला. या बाबतीत मी कधीच कोणासाठी रदबदली केली नाही.

एक आजी आठवतात. गुडघ्यांचा त्रास, म्हणून मुलानं बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ केबिन घेतलेली. तिथं हेलकावे सगळ्यात कमी लागतात. कंपनीनं त्यांना बाल्कनी दिली, पण अगदी पुढच्या टोकाला. जेवणघर दुसऱ्या टोकाला. आजी दर वीस पावलांवर भिंतीची दांडी धरून थांबायच्या. रात्री बोट हलली की पोटातलं टिकायचं नाही. जुनी केबिन मागितली, तर ती विकली गेलेली.

बुकिंग करतानाच 'अपग्रेड नको' अशी नोंद एजंटकडून करून घेता येते. उतरायच्या दिवशी आजींच्या मुलानं ते दोन शब्द माझ्याकडून वहीत लिहून घेतले.